देवडीतला अंतरपाट

"रविवारपर्यंत तुम्ही दोघं काय ते ठरवा. नाहीतर मी आणि वेस सोमवारी कोर्टात जाऊन सह्या करून येतो," असं आमच्या कन्येनं जाहीर केलं आणि शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळलं.

"तुम्ही दोघं" म्हणजे मी आणि हॅरल्ड. मी कांचन, मुलीची आई. हॅरल्ड हे होणाऱ्या जावयाचे, म्हणजे वेसचे, आजोबा. वय ऐंशीच्या पुढे आणि हट्ट चार वर्षांच्या पोराचा. वेसचे आईवडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून यांनीच त्याला वाढवलं. वेस आणि आमची ज्ञानदा इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, एकाच ऑफिसात आहेत, तिथेच जमलं. मुलगा गुणी आहे, भरलं वांगं बोटं चाटून खातो, त्याच्याबद्दल माझी काही म्हणजे काही तक्रार नाही. तक्रार होती ती आजोबांबद्दल. त्यांचं म्हणणं, लग्न होईल तर आमच्या सेंट बॉटल्फ चर्चमध्येच, आमच्या घरातली झाडून सगळी लग्नं तिथे झाली आहेत. माझं म्हणणं, लग्न होईल तर अंतरपाट धरून, मंगलाष्टकं म्हणूनच. आणि चर्चच्या आत दुसरा धर्मविधी चालणार नाही, होमाचं तर नावच काढू नका, हे तिथल्या रेक्टरबाईंनी, म्हणजे मुख्य पाद्रीणबाईंनी, आधीच सांगून टाकलं होतं.

"मग दोनदा करा की," मनोहर म्हणाले. मनोहर म्हणजे आमचे हे. "सकाळी चर्च, संध्याकाळी हॉल. एडिसनच्या नीनानं मुलीचं तसंच केलं."

"नो वे, बाबा! दोनदा केलं की त्यातलं एक नाटक होतं. आम्हाला एकच लग्न करायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणते, "आणि आई, तू ज्याच्यासाठी एवढी भांडतेयस, तो अंतरपाट तू बघणारसुद्धा नाहीयेस! हे म्हणजे सो वियर्ड आहे ना यार."

तिचं खरं होतं. आमच्याकडे मुलीची आई मंगलाष्टकांना समोर उभी राहत नाही. ती तुळशीला पाणी घालत बसते. माझ्या लग्नात, नागपूरला, माझी आई कार्यालयाच्या मागच्या बाजूला तुळशीपाशी बसली होती. तिला फक्त ऐकू आलं. पुढे कधीतरी तिनं मला विचारलं होतं, "अंतरपाट दूर झाला तेव्हा तू हसलीस की रडलीस गं?" मला आठवतच नव्हतं.

"मी नाही बघितला तरी तो असायला हवा," मी म्हटलं. "मधे कापड धरलेलं असतं, पलीकडे कोण आहे ते माहीत असतं, तरी बघायचं नसतं. मग सगळ्यांच्या देखत ते दूर होतं. त्याशिवाय तुझं लग्न झालं असं मला वाटणारच नाही." बोलता बोलता मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "म्हणे कोर्टात! लग्न करताय की ड्रायव्हिंग लायसन्स काढताय?"

शनिवारी सकाळी मी गाडी काढली. मनोहर म्हणाले, "बोलणी करायला चाललीस, रिकाम्या हातानं जाऊ नकोस. आणि कांचन, प्लीज, आवाज." मी पर्समध्ये नारळ, खडीसाखर आणि हळदीकुंकवाची कुयरी टाकली. आवाजाबद्दल काही कबूल केलं नाही.

अ‍ॅशबर्नची ती बिनखिडक्यांची डेटा सेंटरं मागे पडली, घोड्यांची कुरणं सुरू झाली आणि एका वळणावर ते चर्च दिसलं. मी ब्रेकच दाबला. अमेरिकेतली चर्चं मी पुष्कळ बघितली आहेत. आमच्या मंडळाचा गणपती कित्येक वर्षं एका चर्चच्या बेसमेंटमध्येच बसतो, शेजारी व्हेंडिंग मशीन. हे तसलं नव्हतं. ओबडधोबड दगडाच्या भिंती, जाडजूड चौकोनी मनोरा, आणि बाजूनं आत जायला एक दगडी पोर्च. पोर्चला दोन्ही हातांना दगडी ओटे होते, वर छप्पर होतं आणि मागे हे एवढं खिळे मारलेलं दार. देवडीच की हो आमची! माझ्या पायांतल्या सँडल आपोआप निघाल्या. ओट्याखाली सरकवून मी आत गेले.

हॅरल्ड आतच होते. उंच, काटकुळे, कोपराला कातड्याची ठिगळं लावलेला कोट. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि रिटायर झाल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला हे चर्च शिकवतात. त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"तुमचे शूज?"

"बाहेर काढले."

"फरशी थंड आहे."

"असू दे. देवाच्या घरात कोण चपला घालून येतं?"

त्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं. पहिला पॉइंट माझा, असं मी मनात म्हटलं.

भांडण काढायच्या आधी त्यांनी मला चर्च दाखवलं. बहुतेक सवयीनं, कारण एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबताच येईना. शंभर वर्षांपूर्वी इथल्या एका श्रीमंत माणसानं इंग्लंडमधल्या खेड्यातलं एक जुनं चर्च बघितलं, त्याला ते इतकं आवडलं की त्यानं इथे तसंच्या तसं उभं केलं. आणि आतलं सामान मात्र नकली नको म्हणून तिकडच्या मोडकळीला आलेल्या चर्चमधून आणलं. म्हणजे भिंती शंभर वर्षांच्या आणि बाकं सहाशे वर्षांची. तान्हं बाळ सहज मावेल एवढं दगडी कुंड, बाप्तिस्म्याचं, त्यावर कळसासारखं टोकदार लाकडी झाकण. लोकांनी बसायची जागा म्हणजे आपला सभामंडप. पुढे वेदी, म्हणजे गाभारा. आणि दोन्हींच्या मधे कोरीव लाकडाची उंच जाळी, त्यातून पलीकडचं दिसतंही आणि नाहीही.

"मधे आडोसा कशाला?" मी विचारलं.

"तिथे पलीकडे जे होतं ते सहज दिसू नये म्हणून. सहज दिसलं की किंमत राहत नाही."

"अहो, मी तेच तर तुमच्या नातवाला आणि माझ्या मुलीला सांगतेय!" मी म्हटलं. पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत मनोऱ्याकडे गेले.

मी एकटी राहिले. आणि तिथेच घात झाला. बाकांच्या कडेच्या फळ्यांवर एकेक प्राणी कोरलेला होता. ससा, कोल्हा, पंख असलेलं काहीतरी. आणि दुसऱ्या रांगेत हत्ती! ज्यानं कोरला त्यानं जन्मात हत्ती बघितला नसणार. पाय घोड्याचे, कान कोबीच्या पानाचे, सोंड म्हणजे नळाचा पाइप, आणि पाठीवर अंबारी म्हणून अख्खा किल्ला. पण डोळे काय गोड, काय समजूतदार! मी खरंच विरघळले. म्हटलं, बाप्पा, कुठे येऊन बसलात आणि सहाशे वर्षांत कुणी हळदीकुंकू लावलं का तुम्हाला? माझ्या पोरीचं लग्न तेवढं नीट लावा. पर्समधून कुयरी काढली आणि अनामिकेनं त्याच्या कपाळाला टिळा लावला. चांगला ठसठशीत.

मागून असा आवाज आला की मला वाटलं हॅरल्ड पडले.

"हे काय केलंत!"

"टिळा लावला."

"ते सहाशे वर्षांपूर्वीचं ओक आहे! लंडनहून माणसं येतात हे बघायला! ते हातमोजे घालतात!"

"काहून ओरडता हो? कुंकूच आहे, डांबर नाही!" मी भडकले की माझं इंग्रजी संपतं आणि नागपूर बाहेर येतं. "सहाशे वर्षं तो इथे उपाशी बसलाय, त्याचं तुम्हाला काही नाही!" त्यांना शब्द कळले नाहीत, पण आवाज बरोब्बर कळला असावा. ते लालबुंद झाले, मीही झाले, आणि त्या दगडी भिंतींनी आमचं दोघांचं भांडण आम्हालाच परत ऐकवलं.

मग मी हत्तीकडे बघितलं. कुंकू कपाळावर राहिलं नव्हतं, लाकडाच्या रेषारेषांतून खाली उतरलं होतं, कानाच्या घडीत जाऊन बसलं होतं. माझा रागबिग सगळा उतरला. आता हा म्हातारा कशाला कबूल होतोय? एका बोटाच्या कुंकवापायी मी पोरीचं लग्न कोर्टात नेऊन ठेवलं होतं.

"ब्रश आहे का मऊ?" मी खालच्या आवाजात विचारलं.

त्यांनी एक पेटी आणली. रंगकामाचा मऊ ब्रश, कापूस, टॉर्च. आधी स्वतःच करायला बसले, पण ब्रश रेघेबाहेरच जायला लागला, वयानं की रागानं कोण जाणे. मी ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला. "धरा टॉर्च," म्हटलं. मी पुरणपोळ्या लाटणारी बाई, नाजूक हातानं काम करायची सवय आहे मला. एकेक रेघ झाडत गेले, खाली कापूस धरून. फुंकर घालायची नाही एवढं ते सांगत होते.

बरंच निघालं. कानाच्या घडीत मात्र किंचित गुलाबी राहिलं.

"सॉरी," मी म्हटलं. "मनापासून."

हॅरल्डनी चष्मा काढून अगदी जवळून बघितलं. मग म्हणाले, "त्या काळी, तिकडे इंग्लंडमध्ये, हे असं तपकिरी नव्हतंच. भिंतीभर चित्रं होती. ती जाळी लाल आणि हिरवी. छताला सोनेरी चांदण्या. पुढे दुसऱ्या पंथाची माणसं आली आणि त्यांनी सगळ्यावर चुना फासला."

"म्हणजे हत्ती रंगीत असेल?"

"असूही शकेल."

"मग गुलाबी कान त्याला चालेल," मी म्हटलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं इतकं नाही, पण हलला.

त्यांनी कुंकवाचा कापूस घेण्यासाठी कचऱ्याची बादली पुढे केली. मी हात मागे घेतला. "नाही हं. कुंकू आहे ते. कचऱ्यात नाही टाकायचं, पायदळी येता कामा नये. बाहेर एखादं झाड असेल तर त्याच्या बुंध्याशी टाकते."

हॅरल्डनी बादली खाली ठेवली. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मला खूण केली आणि जाळीच्या दारातून थेट वेदीपाशी नेलं. उजव्या भिंतीत एक छोटा कोनाडा होता. त्यात दगडी वाटी, वाटीच्या तळाशी भोक.

"पूजेची भांडी धुतलेलं पाणी इथे ओतायचे," ते म्हणाले. "हे भोक भिंतीच्या आतून सरळ जमिनीत जातं. त्या पाण्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. "अगं बाई," एवढंच मी म्हटलं. इतकी माणसं, इतके समुद्र, आणि तीर्थ पायदळी येऊ नये ही काळजी तीच! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

हॅरल्डनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग एका पेल्यात पाणी आणलं, मी कापूस त्यात पिळला आणि ते पाणी आम्ही त्या वाटीत ओतलं. गुडगुड करत खाली गेलं.

"रेक्टरला सांगू नका," ते म्हणाले.

"मी कशाला सांगतेय!"

आम्ही बाहेर देवडीत आलो. मी सँडल घालायला ओट्यावर टेकले, तेही समोरच्या ओट्यावर बसले. दोघंही दमलो होतो. मुख्य विषय अजून निघालाच नव्हता आणि काढायची कुणाला इच्छा दिसत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हे ओटे कशाला हो? चपला काढणारे तुम्ही नव्हेत."

मास्तर जागे झाले. "जुन्या काळी इंग्लंडमध्ये अशा पोर्चमध्ये गावाची सगळी कामं चालायची. तंटे मिटायचे, करार व्हायचे, पोरांची शाळासुद्धा भरायची. लग्नं तर..." आणि ते थांबले. तोंड तसंच उघडं.

"लग्नं काय?"

"लग्नं इथेच लागायची," ते सावकाश म्हणाले. "दारात. पाद्री दारापर्यंत यायचा, मुलगा-मुलगी इथे उभे राहायचे. शपथा, अंगठी, सगळं इथेच. लग्न लागलं की मग दार उघडून आत, प्रार्थनेला."

"म्हणजे आत नाही?"

"आत नाही."

मी एक सँडल घातलेली, एक हातात. "हॅरल्ड, हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"मी गेली कित्येक वर्षं टुरिस्टांना हेच सांगतोय," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय! पण म्हातारा हसत होता, खदखदून हसत होता, आणि त्यांना बघून मलाही आवरेना. आम्ही दोघं महिनाभर फोनवर ज्याच्यावरून हमरीतुमरीवर आलो होतो, त्याचं उत्तर आमच्या बुडाखाली होतं.

"आमच्याकडे याला देवडी म्हणतात," मी डोळे पुसत म्हटलं. "धड आत नाही, धड बाहेर नाही. तुमच्या पूर्वजांचं देवडीत चालत होतं, तर माझ्या पोरीचं काहून चालणार नाही?"

"आग छपराखाली नको."

"समोर फरसबंदीवर करू. मनोहर फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभे राहतील, त्यांना असलं आवडतं."

मग त्यांनी विचारलं, ते कापड कसं धरतात ते दाखवा. मी ओढणी काढली, एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दोघांनी देवडीत आडवी ताणून धरली. ते ओढणीकडे बघत म्हणाले, "आमच्याकडेही कापड होतं. लग्न लागून आत गेलं की दोघं वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि चौघं जण त्यांच्या डोक्यावर कापड धरायचे, आशीर्वाद होईपर्यंत. आता कुणी करत नाही. मी फक्त वाचलंय."

"मग करू की! तेच कापड. इथे आडवं, आत डोक्यावर."

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की चार वर्षांचं पोर दिसलं मला त्या चेहऱ्यात. "आणि तुम्ही कुठे उभ्या असणार?" त्यांनी विचारलं.

मी तुळशीचं सांगितलं. हॅरल्ड उठून उभे राहिले. "म्हणजे एवढं भांडून तुम्ही बघणारच नाही?"

"आमची पद्धत आहे. माझ्या आईनं पाळली, तिच्या आईनं पाळली. मी मोडायची नाही." हे मी ठसक्यात म्हटलं आणि ओढणीनं डोळे टिपले.

"या," ते म्हणाले. पुन्हा सँडल काढा, पुन्हा आत! या खेपेला त्यांनी मला वेदीच्या बाजूला, भिंतीपलीकडे असलेल्या लहानशा खोलीवजा प्रार्थनेच्या जागेत नेलं. तिथून वेदी दिसायचं काही कारण नव्हतं, मधे हातभर जाड भिंत. पण त्या भिंतीत एक तिरकं भोक होतं, डोळ्यांच्या उंचीवर. "बघा."

मी डोळा लावला. वेदी! बरोब्बर वेदी, आणि तिच्यापुढची पायरी. बाकी काही नाही.

"ज्यांना पुढे येता येत नसे त्यांना इथून दिसावं म्हणून ठेवायचे, असं म्हणतात," हॅरल्ड म्हणाले. "आता मला सांगा. पहिलं कापड बघायचं नाही हा तुमचा नियम. दुसऱ्या कापडाबद्दल काही नियम आहे?"

मी आईला आठवलं, आजीला आठवलं, सगळ्या मावश्या-आत्या डोळ्यांपुढे आणल्या.

"नाही," मी म्हटलं. "दुसरं कापड आमच्याकडे नव्हतंच."

"मग तुमचं झाड इथे ठेवायचं." त्यांनी भोकाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. मी पर्समधला नारळ काढून त्यांच्या हातात दिला. बोलणी झाली.

रेक्टरबाईंनी दोन दिवस विचार केला, वर कुणाला तरी विचारलं आणि होकार दिला. आतला आशीर्वाद त्या देणार, देवडीतलं लग्न आमचे केदार गुरुजी लावणार. केदार सोमवार ते शुक्रवार डेटा सेंटरमध्ये आणि शनिवार-रविवार गुरुजी. त्यानं होम, कन्यादान, सप्तपदी सकाळी उरकून मंगलाष्टकं मुहूर्तावर शेवटी घ्यायचं ठरवलं, हल्ली बरेच जण घेतात तसं. अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, पण ते या देशात कुणाकुणाला समजावून सांगत बसू? मी सुई-दोरा घेतला आणि पांढऱ्या कापडाच्या मधोमध हत्ती भरला. घोड्याचे पाय, कोबीचे कान, पाठीवर किल्ला. एक कान गुलाबी. कुणाला दाखवला नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन कसं, तर हळदीसारखं. होमाचा धूर मनोऱ्याकडे निघाला तसे मनोहर दोनदा एक्स्टिंग्विशर उचलून पुढे सरसावले आणि दोनदा वेसनं त्यांना "बाबा, रिलॅक्स" म्हणत थांबवलं. आमच्या लोकांनी सवयीनं देवडीत चपला काढल्या. ते बघून वेसकडच्या मंडळींनीही काढल्या, आणि दगडी ओट्यांवर कोल्हापुरी, हाय हील आणि स्नीकर्सची रास पडली. हॅरल्ड कोटाला झेंडूचं फूल लावून त्या राशीकडे कौतुकानं बघत होते.

मुहूर्त जवळ आला. अंतरपाटाचं एक टोक नागपूरहून आलेल्या माझ्या भावानं, अवधूतनं, धरलं. दुसरं हॅरल्डनी. घडी उलगडली आणि त्यांना हत्ती दिसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले, आणि कापड असं ताणून धरलं की अवधूत ओढला गेला. मी पलीकडे उभ्या असलेल्या ज्ञानदाकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं. मग तांब्या उचलला आणि बाजूच्या लहान दारानं आत गेले.

आत कुणीच नव्हतं. तुळस भोकाखाली ठेवलेली होती, खाली कुणीतरी स्वच्छ रुमाल अंथरला होता. मी पाठ करून बसले आणि थेंबथेंब पाणी घालायला लागले. जाड भिंतींमधून मंगलाष्टकं येत होती. केदारचा खणखणीत, मधेच आमच्या मंडळातल्या राधिकाचा किनरा, आणि प्रत्येक कडव्याला "सावधान" म्हणताना वेसकडच्यांचा हा एवढा मोठा कोरस, कुणी शिकवलं होतं देवास ठाऊक. मी हसत होते आणि रडत होते. शेवटचं "सावधान" झालं आणि मग काहीच ऐकू येईना. बाहेर कल्ला उठायला हवा होता, टाळ्या हव्या होत्या. माझा जीव वरखाली. आणि मग अवधूतचा आवाज, "हॅरल्डकाका, सोडा हो! सोडा आता!"

टाळ्या, शिट्ट्या, आणि मनोऱ्यातली घंटा! अक्षता त्या मोठ्या दारावर सडसडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. मग दाराची खीळ निघाली आणि अनवाणी पावलांची गर्दी आत शिरली.

मला बोलवायला कुणी आलं नाही. यायचंच नव्हतं, तसं ठरलं होतं. मी उठले, पदरानं डोळे कोरडे केले आणि भोकाला डोळा लावला.

वेदीपुढच्या पायरीवर दोघं गुडघे टेकून होते. चार कोपऱ्यांना अवधूत, मनोहर, ज्ञानदाची मैत्रीण रेणू आणि हॅरल्ड. वर माझा हत्ती, खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगत असलेला. रेक्टरबाई काहीतरी म्हणत होत्या, सगळ्यांच्या माना खाली होत्या. फक्त एक मान वर होती. हॅरल्ड वाकून ज्ञानदाच्या कानाशी पुटपुटले, आणि तिनं वळून थेट माझ्याकडे बघितलं. भिंतीतल्या त्या भोकाकडे, माझ्या एका डोळ्याकडे. आणि हसली. हत्तीच्या खाली बसून, डोळ्यांत पाणी घेऊन, तोंडभर हसली.

माझ्या आईला असं भोक कुणी ठेवलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. हे दुसरं बघणं आईच्या वाटचं होतं.